धागा प्लास्टिकचा की सुताचा? मायक्रोप्लास्टिक शोधायच्या आधी हे वाचा

गांधीबागच्या ठोक कापड बाजारात कधी गेला असाल, तर एक प्रकार नक्की पाहिला असेल. गिऱ्हाइकाला शंका आली की दुकानदार ताक्याच्या कडेचा एक धागा ओढतो, काडी पेटवतो आणि धागा ज्योतीजवळ धरतो. कागदासारखा जळून मऊ राख राहिली तर सूत. आक्रसून, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दहा सेकंदांत निकाल.

माझ्या बाबांनी आयुष्यभर हेच केलं आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी रोज रात्री उशिरा घरी यायचे, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय शोधून राहिली तू इतक्या दिवसांपासून?" मी म्हटलं, नदीच्या पाण्यातला प्लास्टिकचा धागा. ते हसले. "त्याच्यात काय आहे? जळला तं सूत, वितळला तं पॉलिस्टर."

तत्त्व बरोबर आहे, बरं का. अडचण एवढीच की माझा धागा अर्धा मिलिमीटर लांब असतो, त्याची जाडी केसापेक्षा कमी असते, त्याच्यावर शेवाळ चढलेलं असतं, आणि तो नदीतून आला की माझ्याच ओढणीवरून पडला हे मला माहीत नसतं. हा शेवटचा मुद्दा गंमत म्हणून सांगत नाहीये. त्यापायी माझं सहा महिन्यांचं काम रद्द झालं. ते कसं, ते पुढे येईलच.

नागपूरच्या आणि आसपासच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना हल्ली या विषयात काम करायचं असतं. विषय चांगला आहे, गरजेचाही आहे. पण "पाणी आणलं, गाळलं, मायक्रोस्कोपखाली मोजलं" एवढाच आराखडा डोक्यात असेल तर जरा थांबा. हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

"मायक्रोप्लास्टिक" हा शब्द जगभर रुळला तो २००४ साली. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. समुद्राच्या वाळूत आणि जुन्या प्लवकांच्या नमुन्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे सापडतात, असं त्यात दाखवलं होतं. पुढे २००८ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या कार्यशाळेत "५ मिलिमीटरपेक्षा लहान" ही वरची मर्यादा मांडली गेली आणि तीच रूढ झाली. खालची मर्यादा बहुतेक जण १ मायक्रॉन धरतात. त्याच्याखाली नॅनोप्लास्टिक.

आता हिशोब करा. ५ मिलिमीटर म्हणजे ५००० मायक्रॉन. म्हणजे एकाच शब्दाखाली तुरीच्या दाण्याएवढा तुकडाही आला आणि त्याच्या हजारो पटींनी लहान, जिवाणूएवढा कणही आला. या दोघांना शोधणारं एकच उपकरण नाही, एकच पद्धतही नाही. म्हणून "पाण्यात मायक्रोप्लास्टिक किती?" हा प्रश्न अर्धवट आहे. "कोणत्या आकारापासून कोणत्या आकारापर्यंत?" हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

बाटलीबंद पाण्याचं उदाहरण घ्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह ९ देशांतल्या ११ ब्रँडच्या २५९ बाटल्या तपासल्या होत्या. १०० मायक्रॉनपेक्षा मोठे कण लिटरमागे सरासरी १०.४ सापडले. त्याच अभ्यासात ६.५ मायक्रॉनपर्यंतचे कण धरले की सरासरी झाली ३२५. मग २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने नव्या लेझर तंत्राने नॅनो आकारापर्यंत पाहिलं. बाटल्या दुसऱ्या होत्या, पण आकडा निघाला लिटरमागे सुमारे २ लाख ४० हजार, आणि त्यातले ९० टक्के नॅनोप्लास्टिक. सहा वर्षांत पाणी हजारपट घाण झालं, असा याचा अर्थ नाही. चाळणी बारीक झाली. पेपर वाचताना ही गोष्ट कायम लक्षात ठेवा.

प्रश्न आधी, बादली नंतर

माझा प्रश्न साधा वाटत होता: कापड बाजार, शिलाईची दुकानं आणि दाट वस्ती असलेल्या भागाचं सांडपाणी ज्या नदीत जातं, तिथे कपड्यांचे कृत्रिम तंतू किती असतात? नाग नदी अंबाझरीकडून येते, शहराच्या मधून वाहते, पुढे पिवळ्या नदीला भेटून कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेत जाते, आणि वैनगंगेवर खाली गोसीखुर्दचा मोठा जलाशय आहे. म्हणजे इथला धागा इथेच राहत नाही.

कपडे धुताना तंतू सुटतात याला पुरावा आहे. प्लिमथच्याच गटाच्या २०१६ च्या प्रयोगात ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकमधून ७ लाखांहून जास्त, पॉलिस्टरमधून जवळपास ५ लाख आणि पॉलिस्टर-कॉटन मिश्रणातून सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटतील असा अंदाज निघाला.

आपल्या शहरातही काम झालेलं आहे. नागपूरच्या नीरी संस्थेतल्या संशोधकांनी शहरातल्या आणि ग्रामीण भागातल्या रस्त्याकडेच्या धुळीत मायक्रोप्लास्टिक तपासलं आणि २०२० साली ते प्रसिद्ध केलं. म्हणजे फक्त पाणीच नाही, हवाही लक्षात घ्यायला हवी. पुढे तुमच्या प्रयोगशाळेत हीच हवा तुम्हाला नडणार आहे.

प्रश्न ठरला की नमुना कसा घ्यायचा ते आपोआप ठरत जातं. बरेच जण सुमारे ३३० मायक्रॉनच्या जाळीने पाणी गाळतात, कारण समुद्रावरच्या जुन्या अभ्यासांत तीच जाळी होती. पण कपड्याचा तंतू साधारण १० ते २० मायक्रॉन जाड असतो. तो उभा आला की जाळीच्या भोकातून सरळ निघून जातो. मला तंतूच मोजायचे होते, म्हणून ती जाळी माझ्या कामाची नव्हती. शिवाय नागपूरच्या सांडपाण्यात जाळी दोन मिनिटांत चोंदते. अशा वेळी स्टीलच्या बादलीने मोजून पाणी घेणं आणि काचेच्या बाटलीत भरणं बरं. मात्र बादलीभर पाण्यात मोठे, दुर्मीळ तुकडे सुटतात. जाळीने बारीक जातात, बादलीने मोठे. दोन्ही पद्धती अपुऱ्या आहेत. तुमच्या प्रश्नाला कोणती कमी अपुरी, ते निवडायचं.

गाळाचा नमुना घेत असाल तर दिवस आणि हंगाम नोंदवायला विसरू नका. इंग्लंडमध्ये मँचेस्टरभोवतीच्या नद्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरानंतर नदीतळातलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक वाहून गेल्याचं दिसलं होतं. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरात पूर आला, तो सगळ्यांना आठवतो. त्याच्या आधीचा गाळ आणि नंतरचा गाळ यांची तुलना करून "प्रदूषण कमी झालं" असं कोणी लिहिलं, तर त्याला काय म्हणाल?

घाण काढा, पण प्लास्टिक सांभाळून

नमुन्यात पानं, शेवाळ, अळ्या, चिखल, सगळं असतं. सेंद्रिय भाग काढण्यासाठी बहुतेक जण ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्यात फेरस सल्फेट घातलं की क्रिया जोरात होते. याला फेंटन अभिक्रिया म्हणतात. ही अभिक्रिया स्वतःच तापते आणि दुधासारखी उतू जाते. बीकर मोठा घ्या, बाजूला बर्फाचं पाणी ठेवा, चष्मा आणि फ्यूम हूड याशिवाय हात लावू नका. तापमान जास्त वाढू दिलं तर काही प्लास्टिकं मऊ होऊन आकार बदलतात.

"मग सरळ तीव्र ॲसिड का नको?" कारण तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये नायलॉन विरघळतं. म्हणजे साफसफाई करताना चोरच पळवून लावला. माशांच्या ऊतींसाठी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड चालतं, पण तीव्र अल्कलीचा पॉलिस्टरवर परिणाम होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

तरंगवा, पण कशात?

आता वाळू आणि प्लास्टिक वेगळं करायचं. वाळूची घनता सुमारे २.६५. प्लास्टिक हलकं. मधल्या घनतेचं द्रावण घेतलं की वाळू बुडते, प्लास्टिक वर येतं. सगळ्यात स्वस्त द्रावण म्हणजे मिठाचं संपृक्त पाणी, घनता १.२. बिनविषारी, कुठेही मिळतं. मीही तेच घेतलं.

आता हे आकडे बघा, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये:

- पॉलिप्रॉपिलिन: सुमारे ०.९०
- पॉलिइथिलिन: ०.९१ ते ०.९७
- पॉलिस्टायरिन: सुमारे १.०५
- नायलॉन: सुमारे १.१४
- पॉलिस्टर, म्हणजेच बाटलीचं पेट: सुमारे १.३८
- पीव्हीसी: साधारण १.४ च्या आसपास, मिसळलेल्या पदार्थांनुसार कमी-जास्त
- सूत: सुमारे १.५४

दिसलं का? मिठाच्या पाण्यात पिशव्यांचे तुकडे वर येतात आणि पॉलिस्टर तळाला वाळूसोबत बसतं. मी शोधत होते पॉलिस्टर, आणि तळाची वाळू फेकून देत होते! हे मला कोणा परीक्षकाने सांगितलं नाही. एका सिनियर ताईने माझी वही चाळताना विचारलं, "अगं, तुझं पॉलिस्टर कुठे गेलं?" तेवढ्या एका प्रश्नात पाणी पाणी झालं.

पॉलिस्टर हवं असेल तर झिंक क्लोराइडचं १.५ ते १.७ घनतेचं किंवा सोडियम आयोडाइडचं तेवढंच जड द्रावण लागतं. झिंक क्लोराइड त्वचेला बाधतं, पाण्यातल्या जिवांना विषारी आहे, म्हणून बेसिनमध्ये ओतायचं नाही. गाळून पुन्हा वापरायचं. सोडियम आयोडाइड महाग. आणि द्रावण १.६ चं केलं की सुतही वर येतं. म्हणजे एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला: आता सूत आणि पॉलिस्टर वेगळं कसं ओळखायचं?

डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

गाळणीवर जे उरतं ते आपण स्टिरिओमायक्रोस्कोपखाली बघतो. सगळीकडे शिकवलेले निकष असे: पेशींची रचना दिसत नाही, जाडी सगळीकडे सारखी, रंग एकसारखा. निळा, लाल, चकचकीत तंतू दिसला की हात आपोआप वहीत "प्लास्टिक" लिहितो.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. २०१२ च्या एका नावाजलेल्या आढाव्यात असं नोंदवलं आहे की डोळ्यांनी प्लास्टिक वाटलेल्या कणांपैकी ७० टक्क्यांपर्यंत कण रासायनिक तपासणीत प्लास्टिक ठरले नाहीत. तंतूंची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०२० साली जगभरच्या समुद्रांतून घेतलेल्या ९१६ नमुन्यांतल्या तंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कृत्रिम तंतू निघाले फक्त ८.२ टक्के. जवळपास ८० टक्के सेल्युलोजचे, म्हणजे सूत आणि तत्सम. उरलेले लोकर-रेशीम अशा प्राणिज जातीचे. आणि त्यातले बरेचसे रंगवलेले!

रंग हा प्लास्टिकचा पुरावा नाही, हे गांधीबागेत वाढलेल्या मुलीला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. आमच्या दुकानात सुताचे ताके सगळ्या रंगांत असतात. तरी मायक्रोस्कोपसमोर बसल्यावर मी ते विसरले.

गरम सुईची चाचणी इथे मदतीला येते: तापलेली सुई कणाजवळ नेली की प्लास्टिक वाकतं किंवा वितळतं, सूत तसंच राहतं. बाबांच्या काडीची ही प्रयोगशाळेतली बहीण. पण कण फार बारीक असेल तर जमत नाही, कोणतं प्लास्टिक ते कळत नाही, आणि कण बिघडतो तो वेगळाच. नाईल रेड नावाचा रंगही वापरतात. तो प्लास्टिकला चिकटून विशिष्ट प्रकाशात चमकतो. स्वस्त आणि झटपट. मात्र चरबी, मेण आणि न निघालेला सेंद्रिय मळही त्याच्यासोबत चमकतो. म्हणून या दोन्ही चाचण्या चाळणीसारख्या वापरा, निकालासारख्या नको.

रेणूंची सही: एफटीआयआर आणि रामन

खात्रीसाठी वर्णपट लागतो. एफटीआयआरमध्ये कणावर अवरक्त प्रकाश टाकतात. रेणूतला प्रत्येक बंध ठरावीक तरंगसंख्येचा प्रकाश शोषतो. त्या शोषणाचा आलेख म्हणजे त्या पदार्थाची सही. पाठ करायचा असेल तर एवढं पुरे, आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये:

- पॉलिइथिलिन: २९१५ आणि २८४८ च्या दोन उंच शिखरांची जोडी, १४६५ जवळ एक आणि ७२० जवळ एक. बाकी आलेख जवळपास सपाट.
- पॉलिस्टर: १७१५ जवळ ठळक कार्बोनिल शिखर, १२४० आणि १०९५ जवळ रुंद शिखरं.
- नायलॉन: ३३०० जवळ एक, आणि १६३५ व १५४० ची जोडी.
- ॲक्रिलिक: २२४० जवळचं टोकदार शिखर. ते दिसलं की दुसरा संशय नको.
- सूत: ३३३० जवळ पसरट शिखर आणि १०३० जवळ मोठा डोंगर.

साधं एटीआर एफटीआयआर, ज्यात कण चिमट्याने उचलून स्फटिकावर दाबतात, ते साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच सोयीचं. त्याखाली मायक्रोस्कोप जोडलेलं एफटीआयआर लागतं. ते १० ते २० मायक्रॉनपर्यंत जातं. तिथे गाळणी कशाची हेही बघावं लागतं. काचतंतूची गाळणी स्वतःच अवरक्त प्रकाश शोषते, त्यामुळे महत्त्वाची शिखरं झाकली जातात.

त्याहून लहान, १ मायक्रॉनपर्यंत जायचं तर रामन. हे तंत्र ज्या परिणामावर उभं आहे तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केला, १९३० चं नोबेल त्यासाठीच. आणि आपल्यासाठी एक गोड योगायोग: हेच रामन १९१० मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत बदली होऊन काही काळ नागपुरात होते. पण रामन पद्धतीचीही खोड आहे. रंगवलेल्या तंतूवर लेझर टाकला की बऱ्याचदा प्लास्टिकऐवजी रंगाचाच वर्णपट येतो, नाहीतर प्रतिदीप्तीने सगळा आलेख धुऊन निघतो. कापडाच्या तंतूंसाठी म्हणून मला एफटीआयआर जास्त उपयोगी पडलं.

तिसरा मार्ग पायरोलिसिस जीसी-एमएस. यात नमुना प्राणवायूशिवाय तापवून तोडतात आणि तुकड्यांवरून मूळ पदार्थ व त्याचं वजन काढतात. टायरच्या काळ्या कणांसाठी तो फार कामाचा, कारण त्यांतली काजळी अवरक्त प्रकाश गिळून टाकते. पण नमुना संपतो, आणि कण किती व केवढे हे कळत नाही. एका पद्धतीने संख्या येते, दुसरीने वजन. दोन आकडे एकमेकांशी थेट ताडून बघू नका.

संगणकाने "८५ टक्के जुळणी, पॉलिइथिलिन" असं सांगितलं तरी आलेख स्वतः बघा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांवरचे स्टिअरेट क्षार नमुन्यात उतरतात आणि चुकून पॉलिइथिलिन म्हणून मोजले जातात, कारण दोघांतही कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या आहेत. काळजी म्हणून घातलेले मोजेच प्रदूषण करून गेले! ओपन स्पेसी हे मोफत संकेतस्थळ वर्णपट जुळवायला चांगलं आहे. त्यावर हात बसवा, म्हणजे यंत्रावर वेळ मिळेल तेव्हा गोंधळ होणार नाही. तुमच्या विभागात यंत्र नसेल तर आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात.

माझे सहा महिने कुठे गेले

आता ती गोष्ट. पहिल्या सहा महिन्यांत मी अनेक नमुने मोजले. निळे-जांभळे तंतू भरपूर. आलेख छान दिसत होता. मार्गदर्शकांनी विचारलं, "कोरे नमुने कुठे आहेत?" कोरा नमुना म्हणजे गाळलेलं शुद्ध पाणी, जे तुमच्या खऱ्या नमुन्यासारखंच प्रत्येक टप्प्यातून जातं: तीच बाटली, तेच पेरॉक्साइड, तीच गाळणी, तोच मायक्रोस्कोप. मी ते केलेच नव्हते. वेळ वाचवला होता.

मग केले. कोऱ्या गाळणीवरही निळे-जांभळे तंतू. एफटीआयआरवर पॉलिस्टर. दुसऱ्या दिवशी मी माझ्या रोजच्या जांभळ्या कुर्त्याचा एक धागा काढून लावला. वर्णपट तसाच, रंगही तसाच. कुर्ता आमच्याच दुकानातल्या कापडाचा. त्या रात्री जेवले नाही. बाबांनी काय झालं विचारलं, तेव्हा एवढंच म्हटलं, "नदीत सापडलेला माल आपल्याच दुकानातला निघाला." ते म्हणाले, "मंग पुन्हा मोज. मापात खोट निघाली तं मी ताका परत मोजत नाही का?"

जुने आकडे वाचवता आले नाहीत. कोरे नमुने त्याच वेळी, त्याच परिस्थितीत केलेले असावे लागतात. नंतर केलेल्या कोऱ्यावरून आधीची वजाबाकी करता येत नाही.

म्हणून हे हिशोब आधीच शिकून घ्या. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा तीन कोऱ्या नमुन्यांत ३, ५ आणि ४ तंतू मिळाले. सरासरी ४, प्रमाण विचलन १. ओळखण्याची मर्यादा साधारणपणे "सरासरी अधिक तीन विचलनं" अशी धरतात, म्हणजे ७. नदीच्या नमुन्यात ६ तंतू मिळाले तर "सापडले" असं म्हणता येत नाही. २५ मिळाले तर ४ वजा करून २१. आणि प्रत्यक्षात तीनपेक्षा जास्त कोरे नमुने करा, तीनवरून काढलेलं विचलन फार डळमळीत असतं.

दुसरी तपासणी उलट दिशेची. समजा स्वच्छ केलेल्या वाळूत तुम्ही मुद्दाम ५० पॉलिस्टरचे तंतू टाकले आणि सगळी प्रक्रिया करून ४१ परत मिळाले. तुमची परतप्राप्ती ८२ टक्के. मी हे सुरुवातीलाच केलं असतं, तर मिठाच्या पाण्यात माझं पॉलिस्टर बुडतंय हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

तिसरा हिशोब निवडीचा. सगळे कण एफटीआयआरवर लावायला वेळ नसतो. समजा २०० संशयित कणांतून ५० यादृच्छिक निवडले आणि ३० प्लास्टिक निघाले, म्हणजे ६० टक्के. तर २०० पैकी अंदाजे १२०. पण ५० च्या निवडीवरची ही टक्केवारी ९५ टक्के विश्वासाने साधारण ४६ ते ७४ च्या दरम्यान असू शकते. म्हणून "१२०" लिहू नका, "१२०, साधारण ९३ ते १४७" असं लिहा. आणि यादृच्छिक म्हणजे खरंच यादृच्छिक. चमकदार, उचलायला सोपे कण निवडले तर टक्केवारी फुगते.

बाकी शिस्त साधी आहे: पांढरा किंवा एकाच ठळक रंगाचा सुती एप्रन, प्लास्टिकऐवजी काच आणि स्टील, प्रत्येक द्रावण आधी गाळून घेणं, भांडी ॲल्युमिनियम फॉइलने झाकणं, पंखा बंद, आणि कामाच्या टेबलावर एक ओली गाळणी उघडी ठेवून हवेतून काय पडतं तेही मोजणं. मी आता रोज नारंगी सुती एप्रन घालते. नमुन्यात नारंगी तंतू दिसला की गुन्हेगार कोण ते लगेच कळतं.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न

समजा सगळं नीट केलं. कोरे नमुने स्वच्छ, परतप्राप्ती चांगली, वर्णपट पॉलिस्टरचा. मग लिहायचं का, "नाग नदीतलं पॉलिस्टर गांधीबागच्या कापड बाजारातून येतं"?

नाही. एफटीआयआर पदार्थ सांगतं, पत्ता सांगत नाही. साडीतलं पॉलिस्टर आणि बाटलीचं पेट रासायनिकदृष्ट्या एकच. तंतूचा आकार बघून कापड म्हणता येईल, पण कोणाचं? ताक्यांची ने-आण, शिलाई, घराघरांतली धुणी, ब्लँकेटं, हवेतली धूळ, सगळ्यांचे तंतू सारखेच. स्रोताबद्दल बोलायचं तर बाजाराच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, वेगवेगळ्या दिवशी, बाजार बंद असलेल्या दिवशीही नमुने हवेत. नाल्याचा प्रवाह मोजलेला हवा. आणि तेवढं करूनही "योगदान असण्याची शक्यता" इतकंच लिहिता येईल.

हा मुद्दा माझ्यासाठी फक्त पद्धतीचा नाही. त्या बाजारात हमालांपासून ठोक व्यापाऱ्यांपर्यंत माझ्या ओळखीची माणसं पोट भरतात. माझं एक सैल वाक्य उद्या मथळा होऊ शकतं. आणि उलटंही तितकंच खरं आहे: ओळखीची माणसं आहेत म्हणून मी खरा आकडा दाबला, तर कन्हान-वैनगंगेच्या काठावरच्या माणसांशी बेइमानी होईल. दोन्हीकडून वाचायचा रस्ता एकच, जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं.

या क्षेत्रात पद्धतीच अजून पक्क्या होत आहेत. मायक्रोप्लास्टिकच्या विश्लेषणाची तत्त्वं सांगणारं आयएसओ २४१८७ हे मानक २०२३ सालचं आहे. आपल्या एफएसएसएआयने अन्नातल्या सूक्ष्म आणि नॅनोप्लास्टिकसाठी २०२४ मध्ये जो प्रकल्प सुरू केला, त्याचा एक मुख्य हेतूच तपासणीच्या पद्धती प्रमाणित करणं हा आहे. म्हणजे "नवीन नदी, जुनी पद्धत" एवढाच विषय घेण्याची सक्ती नाही. आपल्या गढूळ, शेवाळलेल्या पाण्यासाठी परतप्राप्ती कशी सुधारायची, सूत आणि पॉलिस्टर स्वस्तात वेगळं कसं ओळखायचं, हेही संशोधनाचे विषय आहेत, आणि त्यांची गरज जास्त आहे.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एका कागदावर पाच उत्तरं लिहून बघा:

१. मी कोणत्या आकाराचे आणि कोणत्या घनतेचे कण पकडू शकतो, आणि कोणते सुटतील?
२. माझे कोरे नमुने किती, आणि कोणत्या टप्प्यांतून जाणार?
३. मुद्दाम टाकलेले किती कण मला परत मिळतात?
४. किती कणांची रासायनिक ओळख करणार, आणि ते कसे निवडणार?
५. माझ्या आकड्यांवरून मी कोणतं वाक्य लिहू शकणार नाही?

पाचव्याचं उत्तर आलं नाही तर अजून बादली घेऊन नदीवर जाऊ नका.

मी दुसऱ्यांदा मोजायला लागले त्याला आता वर्ष होत आलं. आकडे पहिल्यापेक्षा लहान आहेत, आलेख तितका देखणा नाही. बाबा मधूनच विचारतात, "मग, निघालं का पॉलिस्टर?" मी म्हणते, निघालं, पण किती आपलं आणि किती नदीचं, तेवढं आता सांगता येतं. ते मान डोलावतात आणि पुढच्या ताक्याचा धागा ओढतात.

पुढच्या लेखात एक खराखुरा, गढूळ वर्णपट घेऊन तो ओळीने कसा वाचायचा ते बघू.